वडील गेले, बंदूक घरातच आहे; परवाना माझ्या नावावर होईल का?

प्रश्न : वडिलांकडे बारा बोअरची एकनळी बंदूक होती, शेताच्या राखणीसाठी परवाना काढून घेतलेली. आठ महिन्यांपूर्वी ते वारले. परवान्याची मुदत अजून दीड वर्ष आहे. बंदूक आणि थोडी काडतुसं गावच्या घरी आईच्या कपाटात आहेत, मी नोकरीसाठी शहरात असतो. काका म्हणतात, परवाना चालू आहे तोवर घाई नको. बंदूक मला ठेवायची आहे. धाकट्या भावाची हरकत नाही, बहीण मात्र सही द्यायला का-कू करते. प्रशिक्षणाचा दाखला लागतो असं ऐकलं; लहानपणापासून वडिलांबरोबर बंदूक हाताळली आहे, तरी लागेल का? चुलतभावाच्या लग्नात दोन बार काढायचंही घरात चाललंय.

उत्तर : काकांचा सल्ला आधी बाजूला ठेवा, कारण तोच तुम्हाला अडचणीत आणेल. परवाना बंदुकीला नसतो, माणसाला असतो. वडील गेले त्या दिवशी तो संपला. पुस्तिकेवर तारीख कुठलीही छापलेली असो. म्हणजे गेले आठ महिने तुमच्या घरात विनापरवाना बंदूक आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ चा हा भंग आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि वर दंड आहे. काडतुसांनाही हेच लागू.

‘मी तर शहरात असतो’ हा बचाव फारसा टिकणार नाही. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की ताबा म्हणजे वस्तू हातातच असली पाहिजे असं नाही. ती आहे हे माहीत असणं आणि तिच्यावर नियंत्रण असणं पुरेसं आहे. आणि तुम्ही सुटलात तरी कपाटाची किल्ली आईकडे आहे, हे विसरू नका. कलम ३ च्या भंगाबद्दल खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, हा थोडा दिलासा. माझं मत विचाराल तर, स्वतःहून आलेल्या वारसाकडे आणि झडतीत सापडलेल्या बंदुकीकडे यंत्रणा एकाच नजरेने बघत नाही. म्हणून झडती, तक्रार, भाऊबंदकी यांपैकी काही व्हायच्या आत हालचाल करा.

कलम २१ सांगतं की ताबा कुठल्याही कारणाने बेकायदा झाला की विनाविलंब शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. पण बंदूक गाडीत टाकून थेट निघू नका. वडील हयात असताना त्यांच्या लेखी अधिकाराने तुम्ही ती दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेऊ शकत होता. ती सवलत त्यांच्याबरोबर गेली. आधी ठाण्याला लेखी अर्ज द्या, मृत्यूच्या दाखल्याची आणि परवान्याची प्रत जोडा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि बंदूक ते नेणार की तुम्ही आणायची हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. जमा पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या आल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. (काडतुसं मोजायची राहून गेली की पुढे फार डोकेदुखी होते.)

जमा केली म्हणजे गेली, ही भीती सगळ्यांनाच असते. तसं नाही. मालकी वारसांचीच राहते. ठरलेल्या मुदतीत परवाना मिळवून ती परत घेता येते किंवा पात्र माणसाला विकून पैसे घेता येतात. मुदत मात्र पाळा. ती उलटली तर सरकारजमा होऊ शकते.

आता तुमचा परवाना. शस्त्र नियम, २०१६ चा नियम २५ मृत परवानाधारकाच्या कायदेशीर वारसाला परवाना देण्याची सोय करतो. याला लोक ‘नावावर करणं’ म्हणतात, पण प्रत्यक्षात हा नवा अर्ज असतो : वय २१ पूर्ण, पोलीस अहवाल, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था, सगळं तुमचं तपासलं जातं. गाव ग्रामीण हद्दीत असेल तर जिल्हादंडाधिकारी आणि आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्त हे परवाना प्राधिकारी. तुम्ही राहता शहरात, राखण गावच्या शेताची. तेव्हा बंदूक कुठे राहणार आणि कोण वापरणार याचं पटेल असं उत्तर अर्जातच लिहा. नाहीतर चौकशीत पहिला प्रश्न तोच येईल.

प्रशिक्षणाचा दाखला लागतोच. २०१६ च्या नियमांनी अर्जदाराला शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करून नमुना एस-१ मधला दाखला जोडायला सांगितलं आहे. सुरक्षित हाताळणी, गोळीबाराचं तंत्र, निगा, साठवण आणि वाहतूक असे त्याचे विषय. वडिलांनी शिकवलं हे खरं असेल, पण तो दाखला नव्हे. उलट अर्जात ‘लहानपणापासून बंदूक चालवतो’ असं लिहू नका. परवान्याशिवाय चालवत होता, हे आपणच लिहून देण्यासारखं आहे. हा अभ्यासक्रम मन लावून करा. घरच्या सवयीत भरलेली बंदूक कोपऱ्यात टेकवणं, काडतुसं त्याच कपाटात ठेवणं हे सगळं चालून जातं, आणि काडतुसांच्या बाबतीत तुमच्या पत्रात तेच दिसतं आहे.

लग्नातले बार साफ विसरा. आज ती बंदूक कुणाच्याच परवान्यावर नाही. उद्या तुमचा परवाना झाला तरी जीव धोक्यात येईल असा आनंदाचा गोळीबार हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेतीच्या परवान्यावर रानडुक्कर मारता येतं असंही समजू नका. त्याला वन विभागाची वेगळी परवानगी लागते.

राहता राहिली बहीण. तिचं आणि भावाचं, आईचंही, ना हरकत प्रतिज्ञापत्र कार्यालय मागेल. तिची अडचण बंदुकीची आहे की वाटणीची, हे आधी विचारा. वाटणीची असेल तर बंदुकीची किंमत धरून हिशेब लिहून घ्या. भीतीची असेल आणि ती नाहीच म्हणाली, तर जमा असलेली बंदूक विक्रेत्यामार्फत विकून पैसे वारसांत वाटणं हा सरळ मार्ग आहे. अर्ज करून तो नाकारला गेला, तर कारणं लेखी मागा आणि कलम १८ खाली मुदतीच्या आत अपील करा.