निर्गुडीच्या अर्काभोवती वलय का नाही?

प्रश्न : सिंहगडाच्या पायथ्याची निर्गुडीची पानं उकळून अर्क काढला, पण ई. कोलाय जिवाणूंच्या प्लेटवर अर्काभोवती वाढ थांबल्याचं वलय उमटलं नाही. कुठे चुकलं?
— एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : पाण्यापाशीच चुकलं. निर्गुडीतलं कॅस्टिसिन हे रसायन आणि तेलातली टर्पीनं, म्हणजे वासाचे रेणू, पाण्यात जेमतेम उतरतात. उकळताना तेल वाफेबरोबर उडतंही. पानं सावलीत वाळवा, 10 ग्रॅम पूड 100 मिली 80 टक्के इथेनॉलमध्ये 24 तास हलवत ठेवा, गाळा, 40 अंशांखाली आटवा. उरलेला अर्क डीएमएसओत (डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात) विरघळवून प्लेटवरच्या अगरमध्ये, म्हणजे जेलीसारख्या माध्यमात, पाडलेल्या एका खड्ड्यात घाला आणि दुसऱ्या खड्ड्यात नुसतं तेवढंच डीएमएसओ घाला. हे राहिलं तर वलय कशामुळे आलं ते कळणारच नाही.

तरीही ई. कोलाय दाद देईलच असं नाही. त्याच्यासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचं बाह्यपटल असे तेलकट रेणू अडवतं, म्हणून शिक्षकांच्या देखरेखीखाली असं पटल नसलेल्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस जिवाणूची प्लेटही लावा. शिवाय हे रेणू अगरमध्ये नीट पसरत नाहीत. लहान वलय म्हणजे कमी ताकद, हा समज फार फसवतो. द्रव माध्यमात अर्क निम्मा-निम्मा पातळ करत किमान रोधक प्रमाण, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारं सर्वांत कमी प्रमाण, काढा.

फुलोऱ्यासह फांदी दाबून वाळवा आणि पुण्यात कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात तिची ओळख पटवून घ्या.