दुधाचे दात पडणारच आहेत, मग उपचार कशाला?

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. वरच्या पुढच्या दातांवर तपकिरी डाग पडलेत, खालच्या एका दाढेला काळा खड्डा झालाय आणि रात्री मधेच उठून रडते. सासूबाई म्हणतात दुधाचे दात आहेत, पडून जातील, आणि गावाकडे एकजण रिंगणीच्या बियांची धुरी देऊन कीड काढतो त्याच्याकडे नेऊया. आम्ही चॉकलेट तर जवळजवळ देतच नाही, तरी असं कसं झालं? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी रात्रीच्या रडण्याचं बोलते. दाढ रात्री ठणकते म्हणजे कीड आत दाताच्या नसेपर्यंत गेली असण्याची शक्यता खूप आहे, तेव्हा याच आठवड्यात लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि गाल सुजला किंवा ताप आला तर त्याच दिवशी. धुरी नको. दातात आळी-बिळी काही नसते हो, 'कीड' या शब्दानेच आपला घोळ होतो. धुरीनंतर जे पांढरं पांढरं काढून दाखवतात ते दातातून आलेलं नसतं आणि त्यात मुलीचे दिवस जातात.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. पुढचे दात सहा-सात वर्षांना पडतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, म्हणजे ही दाढ तिला अजून पाच-सहा वर्षं चावायला लागणारे. ती लवकर काढली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच उरत नाही, मग तो वाकडा येतो. म्हणून डॉक्टर शक्यतो दाढ वाचवायलाच बघतात, कधी नुसतं सिमेंट भरून, कधी नसेचे उपचार करून वर कॅप बसवून.

आता चॉकलेटचं. दातावर जो चिकट थर बसतो त्यातले जंतू कुठल्याही साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दाताच्या वरच्या कडक आवरणातलं कॅल्शियम ओढून घेतं. नंतर लाळ ते आम्ल मारते आणि झीज थोडीफार भरूनही काढते, पण त्याला अर्धा-एक तास लागतो. सकाळी साखरेचं दूध, मग बिस्किट, शाळेतून आल्यावर टोस्ट, संध्याकाळी परत बिस्किट, असं चाललं तर लाळेला वेळच मिळत नाही. किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं ते मोजा.

अजून एक, तिचे खालचे पुढचे दात चांगले आहेत का बघा. वरचे खराब आणि खालचे स्वच्छ असं असेल तर बहुतेक वेळा रात्री झोपताना बाटलीतून दूध पिण्याची सवय असते, कारण खालच्या दातांवर जीभ असते आणि वरच्यांवर दूध तसंच राहतं. झोपेत लाळही कमी सुटते. आजही बाटली चालू असेल तर बंद करा. दूध आधी, मग ब्रश, त्यानंतर फक्त पाणी.

रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करा, सात-आठ वर्षांची होईपर्यंत, कारण तोवर मुलांचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट वळत नाही. पेस्ट फ्लोराइडवाली घ्या, ट्यूबवर १००० पीपीएम किंवा थोडं जास्त लिहिलेलं असावं, तिला वाटाण्याएवढी पुरे (तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढीच). फेस थुंकायला सांगा पण खळखळून चुळा भरू देऊ नका, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिकडच्या वाचकांनी पेस्ट घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

घरात धाकटं कोणी असेल तर उद्या सकाळी खिडकीशी उजेडात बसवून त्याचा वरचा ओठ उचला आणि दात फडक्याने कोरडे करून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात, पण खड्डा पडलेला नसतो तोवर ती फ्लोराइडने आणि खाण्याच्या वेळा सांभाळून थांबवता येते.

आणि साधारण सहाव्या वर्षी मुलीच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येईल, एकही दात न पडता, म्हणून घरात कळतही नाही आणि दुधाचीच समजून दुर्लक्ष होतं. ती कायमची असते. दिसली की डॉक्टरांना दाखवा आणि तिच्या खाचांवर सीलंट (खाचा बुजवणारा पातळ थर) लावून घ्यायचं का ते विचारा.