कुलगुरू, कुलपती की अध्यक्ष?

मालवणच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या भिंतीवर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची माहिती रंगवून घ्यायची आहे. एका हिंदी लेखात त्यांना मुंबई विद्यापीठाचे 'कुलपति' म्हटलंय, आणखी कुठे 'अध्यक्ष'. पेंटर थांबलाय, काय लिहू?

बाई, 'कुलगुरू' लिहा. आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल, आणि विद्यापीठ चालवतात ते कुलगुरू. हिंदीत नेमकी एक पायरी सरकते: तिथे राज्यपाल कुलाधिपती आणि त्यांच्या खालचे कुलपती. हिंदी मजकूर जसाच्या तसा उचलला की भांडारकरांना थेट गव्हर्नरच्या खुर्चीत बसवल्यासारखं होतं, कारण त्या काळी मुंबई विद्यापीठाचे कुलपती मुंबईचे गव्हर्नरच असत. गंमत म्हणजे मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये आणि राजस्थानने २०२५ मध्ये 'कुलपति' बदलून 'कुलगुरु' केलं, त्यामुळे हा घोळ आता थोडा कमी होईल.

संस्कृतात मात्र कुलपती हा गुरूच. दहा हजार मुनींना अन्न देऊन शिकवतो तो कुलपती, अशी जुनी व्याख्या आहे. शाकुंतलात कण्वांना हाच शब्द लावलाय. कुलगुरू म्हणजे घराण्याचा गुरू, रघुकुळाचे वसिष्ठ तसे. म्हणजे अर्थाच्या जोरावर दोन्ही शब्द चालले असते. मराठीत कुणाला कोणता हे वापराने आणि कायद्याने ठरलं. व्युत्पत्ती काढून त्यावर वाद घालण्यात हशील नाही, तळकोकणात तर नाहीच. तिथे 'कुळ' म्हटलं की कुळदैवताच्या आधी कूळकायदा आठवतो!

'अध्यक्ष' अमेरिकी विद्यापीठांच्या प्रमुखांना शोभतो. मराठीत अध्यक्ष असतो तो सभेला, पतपेढीला, उत्सव समितीला.

'उपकुलगुरू' हेही जुन्या छापील मजकुरात दिसेल. इंग्रजी पदनामातल्या 'व्हाइस'चा तो 'उप' आहे, एरवी पद तेच. आज तो लिहिलात तर मुलांना वाटेल, यांच्या वर आणखी कोणी कुलगुरू होते.

आता पदापेक्षा माणसाबद्दल. भांडारकर १८३७ साली मालवणात जन्मले, रत्नागिरीत शिकले आणि १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत आले. त्याच विद्यापीठाचे कुलगुरू ते १८९३ मध्ये झाले. पहिले भारतीय कुलगुरू मात्र ते नव्हेत. तो मान काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचा, तेव्हा उत्साहाच्या भरात 'पहिले' लिहू नका. शिवाय तेव्हाचं कुलगुरुपद दोन वर्षांच्या नेमणुकीचं असे. म्हणून माझं मत विचाराल तर भिंतीवर आधी 'इतिहासकार' येऊ द्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरसाठी त्यांनी इंग्रजीत लिहिलेला दख्खनचा प्राचीन इतिहास १८८४ चा. शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि पुराणांतल्या वंशावळी एकमेकांशी ताडून त्यांनी सातवाहनांपासून यादवांपर्यंतचे राजे लावले. आणि सुरुवात कशाने केली? 'दख्खन' हा शब्द 'दक्षिण'वरून आला, या शब्दचर्चेने. आपल्याच पंथातले म्हणायचे!

पेंटरला एवढं सांगा: 'कुलगुरू' आणि 'कुलगुरूंचे' यांत रू दीर्घ, 'कुलगुरुपद' या समासात रु ऱ्हस्व. आणि आडनाव 'भांडारकर', 'भंडारकर' नव्हे. भिंतीवर चूक झाली तर पुढच्या रंगकामापर्यंत तशीच राहते.