‘नापास झाले तर गावात तोंड कसं दाखवू?’ : टीईटीला बसणाऱ्या अनुभवी शिक्षिकेचं समुपदेशन

‘बावीस वर्षं पोरं शिकवली. माझ्या हाताखालची पोरं आज इंजिनिअर झालीत. आणि आता मी परीक्षेत नापास झाले तर गावात तोंड कसं दाखवू?’

हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या, राधानगरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंचा. वय ४६, शाळा दोनशिक्षकी, मुख्याध्यापकपदाचा कार्यभारही त्यांच्याकडेच. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी शिक्षकांच्या मनात सध्या हेच चाललं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हायला हवं. पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, मात्र टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेला. बाईंची निवृत्ती ५८ व्या वर्षी, म्हणजे बारा वर्षं बाकी. त्यांना सूट नव्हती. ‘पुढे काहीतरी सवलत मिळेल’ असं संघटनेतली मंडळी म्हणत होती. मिळाली तर उत्तमच, पण तिची वाट पाहत तयारी थांबवू नये, एवढं पहिल्याच भेटीत ठरलं.

भीती एकच दिसत असली तरी तिच्यात तीन वेगवेगळ्या भीती गुंतलेल्या होत्या. नोकरी जाईल ही एक. या वयात पाठ होत नाही ही दुसरी. आणि लोक हसतील ही तिसरी, सगळ्यात मोठी. ज्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या मुलखात खेड्यातल्या गुरुजींना आणि बाईंना आजही मान आहे. मान मोठा म्हणून लाजही मोठी. बाईंनी घरातसुद्धा पुस्तक उशीखाली ठेवलं होतं. रात्री सगळे झोपल्यावर एक तास वाचायचं, सकाळी काहीच आठवायचं नाही, की पुन्हा ‘आपल्याला जमणार नाही’. दोन महिने असंच चाललेलं.

भीतीवर नुसतं बोलत बसण्यापेक्षा तिचं माप काढणं बरं. म्हणून पहिलं काम दिलं ते असं: कुठलीही तयारी न करता एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल काळे करत सोडवायची. पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी असलेल्या पेपर एकमध्ये पाच विभाग असतात, बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० प्रश्न. एकूण १५० गुण, वेळ अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात, आणि विभागवार उत्तीर्ण होण्याची अट नाही.

बाईंना मिळाले ७९. मराठी २२, परिसर १८, गणित १६, इंग्रजी १२, बालमानसशास्त्र ११.

आकडे बघून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. ‘नापास’ या एका शब्दाची जागा आता ‘अकरा गुण कमी’ने घेतली होती, आणि अकरा गुणांवर काम करता येतं. पण त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते शेवटच्या आकड्याने. मुलांमध्ये आयुष्य गेलेल्या बाईंना बालमानसशास्त्रात तीसपैकी अकरा!

अनुभवी शिक्षकांच्या बाबतीत हे वारंवार दिसतं आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. त्या पेपरातल्या एका प्रश्नाचा आशय असा होता: एक मूल वजाबाकीत वारंवार हातचा चुकवतं, शिक्षकाने प्रथम काय करावं? पर्याय चार. आणखी उदाहरणं सोडवून घ्यावीत. पालकांना बोलवावं. हुशार मुलाशेजारी बसवावं. उदाहरण कसं सोडवलं ते त्याला बोलून दाखवायला सांगावं. बाईंनी पहिला पर्याय निवडला होता. वर्गात दोन इयत्ता एकत्र, पोषण आहाराची नोंद बाकी, त्यात बीएलओ म्हणून मतदारयादीचं काम. अशा दुपारी कुठलाही शिक्षक आणखी पाच उदाहरणं घालतो. परीक्षेला चौथा पर्याय हवा होता, कारण प्रश्नातला कळीचा शब्द होता ‘प्रथम’. चूक कुठे होते ते कळल्याशिवाय सराव दिला तर चूकच पक्की होते. बाईंना हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. सवडीच्या दिवशी त्या स्वतः हेच करतात. पेपरात त्यांनी घाईच्या दिवसाचं उत्तर दिलं होतं.

म्हणून अनुभवी शिक्षकाची तयारी अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानापासून सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. ती त्याच्या चुकलेल्या प्रश्नांपासून सुरू करावी. बाईंची ७१ चुकलेली उत्तरं चार ढिगांत वाटली: मुळात माहीतच नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही (‘अयोग्य विधान कोणते’ मधला ‘अ’ सुटला), वर्गातल्या सवयीने उत्तर दिलं, आणि गोल चुकीच्या ओळीत गेला. माहीत नसलेले प्रश्न निम्म्याहून कमी निघाले.

आता सोबतीला कोण? शाळेत दुसरे शिक्षक होते एक तरुण सर, टीईटी आणि टेट (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी) दोन्ही देऊन पवित्र या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवरून लागलेले. बाई त्यांच्या प्रभारी मुख्याध्यापक. ‘त्यांची हजेरी मी मांडते, आणि त्यांच्याकडून शिकू?’ या अडचणीला तोडगा निघाला तो नात्यात आधीपासून असलेल्या देवघेवीतून. सरांना पहिलीच्या मुलांना वाचनाला लावणं जड जात होतं, त्यात बाईंचा हात धरणारं केंद्रातल्या शाळांत कोणी नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ४० मिनिटं बाईंच्या पेपरची आणि नंतर २० मिनिटं सरांच्या पहिलीची, असं ठरलं. बाईंनीच ते सरांपुढे मांडलं. सर म्हणाले, ‘मॅडम, मीच विचारणार होतो, धीर होत नव्हता.’

पहिल्या दोन शनिवारी मात्र बिनसलं. सरांनी उत्साहाने पियाजे या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेल्या, मुलांच्या विचारशक्तीच्या वाढीच्या चारही अवस्था फळ्यावर लिहून तासभर व्याख्यान दिलं आणि व्हॉट्सअॅपवर पीडीएफचा ढीग पाठवला. बाईंना पुन्हा डीएडच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं. मार्गदर्शन करणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं: अनुभवी माणसाला शिकवू नका, त्याला बोलतं करा. सरांसाठी तीन वाक्यांची शिस्त ठरली. ‘हे उत्तर का निवडलंत?’ मग पूर्ण ऐकून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही. ‘प्रश्नातला कुठला शब्द उत्तर ठरवतो?’ आणि शेवटी, ‘आपल्या वर्गात असं कधी घडलंय?’ एका बैठकीत दहाच प्रश्न. तीनपैकी तिसऱ्या वाक्याने खरा फरक पडला. दोन सारख्या पेल्यांतलं पाणी, त्यातलं एक उंच ग्लासात ओतलं की लहान मूल ‘यात जास्त’ म्हणतं, हे बाईंनी पहिलीच्या पोरांबरोबर करून पाहिलं. सहा-सात वर्षांची काही फसली, मोठी फसली नाहीत. क्रियापूर्व अवस्था (साधारण २ ते ७ वर्षं) आणि मूर्त क्रियात्मक अवस्था (७ ते ११) त्यानंतर पाठ करायची वेळ आली नाही.

चुकांची एक वही घातली. चार रकाने: प्रश्न, मी निवडलेलं उत्तर, का निवडलं, बरोबर उत्तरामागचं कारण. तिसरा रकाना रिकामा राहिला तर वहीचा उपयोग नाही, कारण तीच चूक पुढच्या पेपरात परत येते.

‘लक्षात राहत नाही’ याचं मूळ वयापेक्षा पद्धतीत जास्त होतं. रात्री दमून तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं, आठवत मात्र नाही. रात्रीचा तास बंद करून पहाटे ५० मिनिटं धरली: २५ मिनिटं वाचन, मग पुस्तक मिटून आठवेल ते कागदावर, शेवटी ताडून पाहणं. तोच भाग तीन दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा, न बघता. यासाठी पुस्तक उशीखालून बाहेर काढावं लागलं आणि घरात सांगावं लागलं. सकाळचा चहा आणि डबा यजमानांनी स्वतःकडे घेतला. रोज दोनशे प्रश्न टाकणारे ग्रुप म्यूट केले.

गणितात अडचण वेगळी होती. पेपर एकचे घटक पहिली ते पाचवीचे असले तरी काठिण्य माध्यमिक स्तरापर्यंत जाऊ शकतं. लसावि-मसावि, शेकडेवारी, काळ-काम-वेग एवढ्यावरच भर दिला, बाकी सोडलं. वेळेची वाटणी अशी बसली: बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी प्रत्येकी २५ मिनिटं, परिसर २०, गणित ४५, शेवटी १० तपासणीला. गोल प्रत्येक पानानंतर काळे करायचे, शेवटी एकदम नाहीत. एखादा प्रश्न सोडला की ओळ सरकते, म्हणून सुटलेल्या क्रमांकाला प्रश्नपत्रिकेवर खूण. शेवटच्या दहा मिनिटांत एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचा. बाईंच्या चुकलेल्या ओळींपैकी काहींचं कारण तेच निघालं.

चौथ्या सराव पेपरात ९७ आले. मराठी २२, परिसर १९, गणित २०, इंग्रजी १५, बालमानसशास्त्र २१. वाढ कुठे झाली ते दिसतंच आहे. परीक्षागृहात दहा-बारा गुण इकडेतिकडे होतात, म्हणून सरावात किमान १०५ चं लक्ष्य ठेवलं आहे. राज्याच्या टीईटीबरोबर सीटीईटीचाही (केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा) अर्ज त्या भरणार आहेत. प्रमाणपत्राची वैधता आता आयुष्यभराची असल्याने कुठल्याही एकीत यश आलं की काम झालं.

झोप दोन आठवड्यांहून जास्त उडाली, छातीत धडधड वाढली, जेवण तुटलं, तर अभ्यासाचं वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ‘पेपर मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. २०१९-२० च्या टीईटीतल्या गैरप्रकारात हजारो उमेदवारांवर कारवाई झाली आहे.

अर्ज भरताना विवाहित शिक्षिकांनी एक गोष्ट आधी बघावी. दहावी-डीएडच्या प्रमाणपत्रांवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असा फरक असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आत्ताच शोधून ठेवावं. बाईंचं राजपत्र सेवापुस्तकात लावलेलं होतं. त्याची सत्यप्रत काढायला पंचायत समितीत दोन हेलपाटे पडले, पण मुदतीच्या बरंच आधी ते काम झालं.