फायर ब्रिगेडच्या जवानांचा कामाचा ताण मोजायला कोणतं स्केल वापरू?

तुम्ही लिहिलंय की एमए सायकॉलॉजीच्या प्रोजेक्टसाठी फायर स्टेशनवरच्या 60 जवानांचा ताण मोजायचाय आणि गाइड म्हणतायत पीएसएस (परसीव्ड स्ट्रेस स्केल, म्हणजे माणसाला ताण किती जाणवतो ते मोजणारी प्रश्नावली) वापरा, झालं काम. मीही चार वर्षांपूर्वी हेच केलं, एका शहराच्या अग्निशमन दलात (नाव नको), आणि माझे पहिले वीस फॉर्म वाया गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

झालं असं की साहेबांनी मदत म्हणून सगळ्यांना स्वतःच बोलावलं, फॉर्म वाटले आणि समोर खुर्ची टाकून बसले. आता साहेबांसमोर 'मला टेन्शन आहे' असं कोण लिहिणार? बऱ्याच जणांनी वरपासून खालपर्यंत 'कधीच नाही'वर टिक मारली. गंमत पुढे आहे. पीएसएसच्या 10 प्रश्नांत 4 प्रश्न उलटे असतात (4, 5, 7 आणि 8 नंबरचे), 'सगळं मनासारखं चाललंय असं वाटलं का' टाइपचे, तिथे 'कधीच नाही' म्हटलं की पूर्ण 4 मार्क पडतात. म्हणजे न वाचता टिक मारणाऱ्याचे झाले बरोबर 16, आणि 14 ते 26 म्हणजे मध्यम ताण असं धरतात. मी खूश, की वा, सगळ्यांना मध्यम ताण! टेबल करायला बसलो तेव्हा सगळे 16 च दिसले आणि ट्यूब पेटली.

दुसरं म्हणजे पीएसएस विचारतं गेल्या महिनाभराचं, पण एकूण आयुष्याचं. बायको आजारी असेल तरी स्कोअर वाढतो, त्यात नोकरीचा भाग किती ते कळत नाही. नोकरीसाठी बीटन आणि मर्फी यांचं 1993 चं वेगळं स्केल आहे, 57 प्रश्नांचं, खास अमेरिकेतल्या फायरवाल्यांसाठी केलेलं. त्यात आगीइतकीच झोपमोड, वरिष्ठांशी खटके, पैशाची ओढाताण यांना जागा आहे. आपल्याकडे ते जसंच्या तसं चालणार नाही, भाषांतर करून आधी पाच-सहा जणांना वाचायला द्या. 57 जास्त वाटले तर त्याचंच 14 प्रश्नांचं छोटं रूप पण आहे.

आणि झोपेचं वेगळं विचाराच. एक तांडेल (जवानांच्या वरचे, तुकडीचे प्रमुख) मला म्हणाले, "टेन्शन बिन्शन काय नाय ओ, फक्त सुट्टीला घरी असलो तरी रात्री दोनला जाग येती, बेल वाजली असं वाटतं." यांच्या फॉर्मवर ताण शून्य! हे बोलता बोलताच खरी वर्दी आली, चहाचे कप तसेच, मिनिटभरात गाडी गेटबाहेर. अर्ध्या तासाने परत आले, रस्त्यावर ऑइल सांडलं होतं म्हणे. पण निघताना त्यांना काय माहीत असणार? अमेरिकेत 2007 साली एक मोठा अभ्यास आला होता, त्यात आग विझवण्यात फायरवाल्यांचा फक्त 1 ते 5 टक्के वेळ जातो पण ड्युटीवर हृदयविकाराने झालेले 32 टक्के मृत्यू त्याच वेळचे निघाले. म्हणून शक्य असेल तर बीपी तरी मोजा. लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) वगैरेच्या नादी लागू नका, ते झोपेतून उठल्याच्या वेळेवर अवलंबून असतं आणि नाइट करणाऱ्याची सकाळ नेमकी कधी धरणार?

जळालेली माणसं, लहान मुलं बाहेर काढलेल्यांसाठी पीसीएल-5 घ्या (भयंकर प्रसंगानंतरच्या मानसिक आघाताची, म्हणजे पीटीएसडीची प्रश्नावली), 20 प्रश्न. पण 31-33 स्कोअरच्या वर कोणी गेला तर त्याला पाठवायचं कुठे हे आधी ठरवा, निदान टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर प्रत्येक फॉर्मखाली छापा. फॉर्मवर नाव, बॅज नंबर काही नको, आणि बंद पाकीट तुम्ही स्वतः गोळा करा.

आणि 14 ते 20 एप्रिलला जाऊ नका, अग्निशमन सप्ताह असतो (1944 च्या मुंबई गोदी स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ). प्रात्यक्षिकं, शाळांची पोरं, कोणाला वेळ नसतो. मी गेलो होतो, दोन फॉर्म मिळाले आणि एक प्लेट जिलबी.