एलाच्या खोऱ्यात तनाख (हिब्रू बायबल) कसा वाचावा

इस्राएलात अश्दोदला नवीन आला असाल तर सुरुवात जेरुसलेमपासून नको, एलाच्या खोऱ्यापासून करा. तिथे गर्दी कमी, आणि मजकूर जमिनीशी जुळतो. आदल्या रात्री तनाखातल्या पहिल्या शमुवेलाचा १७वा अध्याय, दाविद आणि गल्याथच्या लढाईचा, वाचा. पहिल्या तीन ओव्यांतली गावं, डोंगर आणि मधलं खोरं यांचा कच्चा नकाशा स्वतः काढा. मग तेल अजेकावर, म्हणजे जुन्या अजेका नगराच्या टेकाडावर चढा, दुपारनंतरच. सकाळी पूर्वेकडचं ऊन डोळ्यांवर येतं आणि सोखोची टेकडी नीट दिसत नाही. नकाशा दिशेला लावून त्याच ओव्या मोठ्याने हिब्रूत म्हणा. पलिष्टी आणि इस्राएली छावण्यांच्या मधे ही दरी का आडवी आली, ते लगेच कळतं.

ओढा उन्हाळ्यात कोरडा असतो. दाविदाने गोफणीसाठी उचललेले गोटे नेमके कुठले, हे शोधत बसू नका; ती जागा कुणालाच ठाऊक नाही, आणि त्या नादात खोरं बघायचं राहून जातं.

उतरण्याआधी यिर्मया ३४:७ जरूर वाचा. बाबेलच्या स्वारीत, जेरुसलेम सोडून, यहूदाची लाखीश आणि अजेका एवढीच तटबंदीची नगरं उरली होती. लाखीशला १९३५ साली सापडलेल्या एका खापरावर ‘अजेका दिसत नाही’ असं लिहिलेलं आहे. शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ) बस नसते. पाणी भरपूर न्या.