सिंथ बदलण्याआधी कान तपासा

इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी आवाज घडवणाऱ्यांची जी पत्रं हल्ली येतात, त्यातली बहुतेक एकाच वळणाची असतात: काही सुचत नाही, सगळं तेच तेच होतंय, आता कोणता सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे आवाज तयार करणारं वाद्य किंवा सॉफ्टवेअर) घेऊ? पहिल्या दोन तक्रारींवरचा इलाज तिसऱ्या प्रश्नात आहे, असं लिहिणाऱ्यानं धरूनच चाललेलं असतं. तसं नाही. म्हणून काही पत्रांना इथे एकत्र उत्तरं देतो. पाचवं उत्तर लांबलं आहे. घाईत असाल तर बाकीची सोडा, पण तेवढं वाचा.

प्रश्न १ : कोणताही सिंथ उघडला की अर्ध्या तासात ये रे माझ्या मागल्या! दोन सॉटूथ (करवतीच्या दातांसारख्या लहरी), थोडं डिट्यून (सूर किंचित हलवणं), लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी गाळणारा), वर भरपूर रिव्हर्ब (घुमारा). यातून बाहेर कसं पडू?

तुम्ही दर वेळी आवाजाचा रंग बदलता, घडण बदलत नाही. आवाज कशाचा आहे हे कान बऱ्याच अंशी त्याच्या सुरुवातीच्या काही मिलिसेकंदांवरून ठरवतो. फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओ स्टुडिओत घंटेचा नाद मुद्रित करताना टोल्याचा आघात गाळून टाकला. मागे उरलेला नाद त्यांना घंटेचा वाटेना, ओबो या फुंकवाद्याचा वाटला. घंटा तीच होती आणि सूरही तोच होता.

तेव्हा आठवडाभर फिल्टरला हात लावू नका आणि रिव्हर्ब पूर्ण बंद ठेवा. रोज एकच आवाज घ्या आणि नुसत्या अटॅक, डिके, सस्टेन, रिलीजवर (आवाज कसा चढतो, उतरतो, टिकतो आणि विरतो त्यावर) त्याची चार वेगळी वाद्यं करा. मग पिच एन्व्हेलप घ्या, म्हणजे वेळेनुसार सूर वर-खाली नेणारं नियंत्रण. पहिल्या तीसेक मिलिसेकंदांत सूर दीड सप्तक वरून खाली आणला की तोच पॅड (संथ, पसरट आवाज) टोला दिल्यासारखा सुरू होतो. एवढं करूनही हात जुन्याच जागी जात असेल, तर तुम्ही काम करताना शेजारी बसून बघणारा जाणता माणूस हवा. चांगल्या शिक्षकाचा एक तास पुरतो. स्वतःची सवय स्वतःला दिसत नाही.

प्रश्न २ : एका नावाजलेल्या वेव्हटेबल सिंथवर (साठवलेल्या लहरींतून आवाज घडवणाऱ्या) सूट आहे, दोन दिवसांत संपते. घेतला तर साचलेपण जाईल का?

नाही. सूटही पुन्हा येईल. पडद्यावरची उलटी मोजणी तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणून असते. ट्रायल आवृत्ती उतरवा, महिनाभर वापरा, मग ठरवा.

रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे सिंथ यंत्र बेस गिटार वाजवणाऱ्याची जागा घेण्यासाठी निघालं होतं. त्या कामात ते फसलं आणि १९८४ मध्ये बंद पडलं. पुढे शिकागोच्या तरुणांनी तीच यंत्रं जुन्या बाजारातून स्वस्तात उचलली. सुरावट चालू असतानाच ते फिल्टरचे कटऑफ आणि रेझोनन्स हे नॉब फिरवत राहिले, आणि त्यातून अॅसिड हाउस ही नृत्यसंगीताची शैली उभी राहिली. तुमच्याकडे आहे त्या सिंथमधल्या कोणत्या नॉबला तुम्ही आजवर एकदाही हात लावलेला नाही, त्याची यादी करा. ती यादी संपेपर्यंत खरेदी नको.

प्रश्न ३ : प्रीसेट (सिंथमधले तयार आवाज) वापरणं ही फसवणूक आहे का?

नाही, पण एक प्रीसेट उलगडून समजल्याशिवाय दुसरा उघडू नका.

प्रश्न ४ : ४३२ हर्ट्झला ट्यून केलं की आवाज जिवंत होतात आणि सुचायला लागतं, असं सगळीकडे ऐकतो. खरं आहे का?

सांगोवांगी आहे. ‘ए’ या स्वरासाठी ४४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, हा वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेला संकेत आहे, १९७५ च्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणातही तोच आहे. ४३२ म्हणजे त्याच्याखाली जेमतेम ३२ सेंट (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). खाली उतरवलेला सूर आवडला तर खुशाल वापरा, पण त्यातून सुचण्याची वाट बघत बसू नका.

प्रश्न ५ : रात्री हेडफोन लावून सहा-सात तास बसतो. सुरुवातीला छान वाटतं, मग सगळं बोथट वाटू लागतं आणि मी वरच्या फ्रिक्वेन्सी वाढवत जातो. सकाळी ऐकलं की कर्कश! आपल्यात काही उरलंच नाही असं वाटतं. झोपताना कानात बारीक शिट्टी वाजते, सकाळपर्यंत जाते. तीन महिने असं चाललंय.

तुमची कल्पनाशक्ती आटलेली नाही. तुमचे कान थकले आहेत आणि तीन महिने तुम्ही त्यांच्याकडे कानाडोळा करताय. पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेली ती शिट्टी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली.

मोठ्या आवाजात फार वेळ बसलं की ऐकण्याचा उंबरठा तात्पुरता वर सरकतो. हलके आवाज ऐकू येईनासे होतात, आणि याचा मोठा फटका साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्याला बसतो. आवाजाची धार, किक ड्रमची टकटक, तारेवरचा नखाचा घाव, हे सगळं तिथेच ऐकू येतं. म्हणून बोथट वाटतं. बोथट वाटतं म्हणून तुम्ही नॉब वर नेता, पातळी वाढते, कान आणखी थकतो. रात्री दोन वाजता तुम्ही ज्या मापपट्टीनं मोजता, ती तोवर ताणली गेलेली असते. अशा कानांना कोणताही आवाज नवा वाटत नाही. माझ्याकडे साचलेपणाची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी किती तास आणि किती मोठ्यानं ऐकता हेच विचारतो.

त्यात आणखी एक घोळ असतो. कान सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या प्रमाणात ऐकत नाही, आणि ते प्रमाण पातळीबरोबर बदलतं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये ते मोजून मांडलं. मोठ्यानं ऐकताना बेस भरदार वाटतो, हळू केला की तो पातळ होतो. ‘हा जास्त चांगला’ म्हणून तुम्ही निवडलेला आवाज अनेकदा फक्त जास्त मोठा असतो. तुलना करताना दोन्ही आवाजांची पातळी आधी जुळवा.

आता आकडे. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास अशी आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. एवढं पाळलं तरी कान शंभर टक्के सुरक्षित राहतील असं नाही. फोनवरचं मोजणीचं अॅप खोलीतला आवाज मोजतं, हेडफोनच्या आतला नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. हातभर अंतरावर कुणी नेहमीच्या आवाजात बोललेलं कळत नसेल, तर पातळी जास्त आहे.

आणि शिट्टी सकाळी थांबते म्हणून निर्धास्त राहू नका. आतल्या कानातल्या केसपेशी माणसात एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. माझ्या डाव्या कानात एक बारीक सूर कायमचा आहे. तो सुरू झाला तेव्हा ‘जाईल आपोआप’ म्हणत मी चार महिने काढले. ते चार महिने मला परत मिळणार नाहीत, म्हणून तुम्हाला इतकं कळकळीनं लिहितोय.

या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांना भेटा आणि ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) काढून घ्या. तुमचं कामच ऐकण्याचं आहे हे त्यांना सांगा. नेहमीची चाचणी ८००० हर्ट्झपर्यंतच असते, तेव्हा त्यावरची होईल का हेही विचारा. चाचणीच्या आदल्या दिवसापासून हेडफोन लावू नका. कानात तेल, थेंब, काहीही स्वतःच्या मनानं घालू नका. अचानक एका कानानं कमी ऐकू येऊ लागलं किंवा सोबत चक्कर आली, तर आठवड्याचीही वाट बघू नका, त्याच दिवशी जा. अशा वेळी उपचार लवकर सुरू होणं फार महत्त्वाचं असतं. तोवर पाऊण तास काम आणि पंधरा मिनिटं पूर्ण शांतता. आवाज घडवण्याचं काम बैठकीच्या पहिल्या तासात करा. फायलींना नावं देणं, सॅम्पल (मुद्रित आवाजांचे तुकडे) लावून ठेवणं ही बिनआवाजाची कामं शेवटी.

प्रश्न ६ : एफएम सिंथेसिस कधीच जमलं नाही. ते गणितवाल्यांचंच काम आहे का?

नाही. एफएममध्ये एक लहर दुसरीची फ्रिक्वेन्सी हलवते; लहर देणाऱ्या प्रत्येक भागाला ऑपरेटर म्हणतात. दोनच ऑपरेटर चालू ठेवा, बाकी बंद. दोघांच्या फ्रिक्वेन्सीचं प्रमाण पूर्णांकी, म्हणजे १:१ किंवा १:२ ठेवलं की आवाज सुरेल राहतो. १:१.४१ केलं की धातूचा, घंटेसारखा होतो. हलवणाऱ्या ऑपरेटरची, म्हणजे मॉड्युलेटरची पातळी वाढवाल तसा तो उजळत जातो, आणि त्या पातळीला एन्व्हेलप लावला की तो उजळून विझतो. संगीतकार जॉन चाउनिंग यांना हे १९६७ मध्ये स्टॅनफर्डला सापडलं, तेही व्हायब्रेटो (सुराची थरथर) वाढवत नेऊन कान देताना. १९८३ मध्ये याच तंत्रावरचा यामाहाचा डीएक्स७ हा सिंथ आला. त्याचे मेन्यू इतके किचकट होते की बहुतेकांनी प्रीसेटवरच भागवलं, आणि त्या दशकात त्यातला तोच इलेक्ट्रिक पियानोचा आवाज जिथे तिथे ऐकू येत राहिला. तुम्ही दोन ऑपरेटरांवर पंधरा दिवस घालवा. तरी अडलं तर व्हिडिओंच्या मागे न लागता एफएम वापरणाऱ्याला गाठून तुमचाच पॅच (सिंथवर घडवलेला आवाज) दाखवा.

प्रश्न ७ : आठ मापांचे दीडशेच्या वर लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) पडलेत, एकही पूर्ण होत नाही.

कारण प्रत्येक लूपमधला सिंथ अजून उघडा आहे, त्यामुळे तो बदलायचा मोह संपत नाही. आवाज ऑडिओत उतरवा आणि सिंथ काढून टाका. मग त्या ऑडिओवर काम करा: उलटा वाजवा, दोन सप्तकं खाली ओढा, तुकडे करून क्रम बदला. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनी-स्टुडिओत १९६३ साली संगीतकार डेलिया डर्बिशायर एकेक स्वर टेपवर कापून, वेग बदलून जोडत होत्या. कापलेला तुकडा घेऊनच त्यांना पुढे जावं लागे. आवाज एका दिवशी घडवा, रचना दुसऱ्या दिवशी करा. यातले तीन लूप निवडायला दुसऱ्या कुणाला सांगा, तुम्ही निवडू नका.

प्रश्न ८ : सॅम्पल पॅकवर ‘रॉयल्टी-फ्री’ लिहिलं आहे. म्हणजे काहीही करता येतं ना?

नाही. पुढचे पैसे द्यावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. सुटा आवाज आपल्या पॅकमध्ये घालून विकायला बहुतेक परवान्यांत मनाई असते. मोठं अक्षर वाचून थांबू नका, परवाना पूर्ण वाचा आणि पैशाचा व्यवहार असेल तर वकिलाला दाखवा.

प्रश्न ९ : सहा महिने कशातच मन लागत नाही. संगीतातही नाही. झोपही उडाली आहे. रोज ठराविक वेळ बसलो तर गाडी रुळावर येईल का?

हा प्रश्न माझ्या कक्षेतला नाही, आणि तो तुम्ही सहा महिने सिंथपुढे बसून सोडवत राहिलात याचं मला वाईट वाटतं. आधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, झोपेचं आवर्जून सांगा. संगीताचं नंतर बघू, मला तेव्हा जरूर लिहा.

प्रश्न १० : मागे तुम्ही सांगितलं म्हणून कानांची तपासणी केली. अहवाल नॉर्मल आला. आता काय करू?

अहवाल जपून ठेवा. वर्षभरानं पुन्हा तपासणी करा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून ऑडिओलॉजिस्टला दाखवा.